डांबरीची कड

रांजणाच्या बुडाला तांब्या खरडला, आणि तेवढ्या आवाजानं सगळं घर जागं झालं. बाहेर नुकतं फटफटत होतं.

"द्वारके, बूड खरवडू नको गं," वाकळीतूनच भिवराबाई बोलली. "आज टँकर न्हाई आला, तं रिकाम्या घागरीत डोकं घालून बसावं लागंल."

"तोंडच धुतलं, आज्जे. अंगाला पानी लागून किती दिस झाले."

"शाळंत काय सोयरे येनार हायेत का तुला बघायला?"

"येऊ दे की. वास घेऊनच माघारी जातील."

चुलीपाशी बसलेल्या शिवकन्याला हसू आलं, पण सासूसमोर तिनं ते पदरात दाबलं. पोरगी तोंडाची तिखट निघाली होती, थेट आजीवर गेली होती. शिवकन्यानं आदल्या दिवशी बाजूला काढून ठेवलेल्या वाटीभर पाण्यात पीठ मळलं, भाकरी थापली आणि पिठाचे हात परातीतच निपटून घेतले. हात धुवायचे म्हणजे पुन्हा रांजणाला आवाज.

द्वारका आठवीत होती. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढं शिकायचं तर फाट्यावरची शाळा. धाकटी सोजर अजून पहिलीत, ती वाकळीत पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि डोळे मिटून सगळं ऐकत होती.

दारात भिंतीला टेकून सायकल उभी होती. निळी, नवी, फाट्यावरच्या शाळेत आठवीच्या पोरींना सरकारातून मिळालेली. श्रावणात मांडव घालून सायकली वाटल्या, त्या सुंदररावांच्या हातून. सुंदरराव म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, कारखान्याचे संचालक, शाळेच्या संस्थेवरही तेच. "आता आमच्या लेकी भुर्रकन शाळेत जाणार," असं ते माईकवर म्हणाले, तेव्हा शिवकन्यानं मांडवाच्या कडेला उभं राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. पुढं पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. गावाला टँकर लागला. टँकर पाणी सोडायचा ते गावाच्या पार पलीकडच्या विहिरीत. डोक्यावरून वाहून वाहून शिवकन्याची मान धरली. मग तिच्या नवऱ्यानं, आसारामनं, सायकलीच्या कॅरेजला दोन्ही अंगांनी लोखंडी कड्या डकवून आणल्या. एका कडीत एक कॅन, दुसऱ्या कडीत दुसरा, मधोमध घागर. शिवकन्याची मान सुटली. द्वारका मात्र पायीच राहिली.

"माय, आज सायकल नेऊ का?"

"आज टँकर हाय ना, बाळा."

"टँकर नसला की मळ्यातून आनायचं आसतं. टँकर आसला की टँकरचं आनायचं आसतं."

"मंग काय करू? तूच सांग."

द्वारका सायकलीपाशी गेली. सायकलीच्या घंटीवर अंगठा ठेवला, पण वाजवली नाही, आणि दप्तर पाठीला मारलं.

"कडंनं जाय," शिवकन्या मागून म्हणाली.

"डांबरीला कड हाय कुठं, माय?"

कड नव्हतीच. दोन वर्षांमागं घातलेली डांबरी दोन्ही अंगांनी कुरतडल्यासारखी झाली होती आणि डांबर संपलं की एकदम खाली चारी. चारीत बाभळीची झुडपं. पूर्वी पोरांना डांबरीवर यावंच लागत नसे. गावातून फाट्याला पांद जायची, दोन बांधांमधली जुनी गाडीवाट. मऊ फुफाटा, वर लिंबाची सावली. शिवकन्याच्या सासऱ्यापासून सगळे त्या पांदीनंच बाजाराला गेलेले. पण पांदीच्या दोन्ही अंगांना रान सुंदररावांचं. दुष्काळ पडला तशी त्यांनी खोल बोअरवरून मोसंबीला पाईप घातला, तो पांदीतून. लोकांनी पाईपाला भोकं पाडून घागरी भरल्या. तेव्हा सुंदररावांनी पांदीच्या दोन्ही तोंडांना काटेरी तार ओढली. मोसंबी हिरवी राहिली आणि लेकरं डांबरीवर आली, नेमकी कारखान्याचा हंगाम सुरू झाला तेव्हाच. धरणाखालचा ऊस घेऊन ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या एकेका हेडाला दोन-दोन ट्रॉल्या, वर कानठळ्या बसवणारा गाण्यांचा डेक. ते आले की पोरींनी चारीत उतरायचं, गेले की तोंडावरची धूळ पुसत वर यायचं.

तरी शिवकन्या या साली मनातून सुखी होती. गेल्या सालापर्यंत दसरा झाला की दाराला कुलूप आणि सगळं घर टोळीबरोबर ऊसतोडीला. द्वारकाची दर साली अर्धी शाळा फडावरच्या झोपडीत, कोपीत, गेलेली. पाचटात बसून ती सोजरला सांभाळायची आणि फाटक्या पुस्तकातले धडे गाईच्या वासराला म्हणून दाखवायची. या साली आसारामला सुंदररावांच्या ट्रॅक्टरवर डायवरकी मिळाली. घर जाग्यावर राहिलं. कोयता आढ्याला खोचून ठेवताना शिवकन्या त्या कोयत्यालाच म्हणाली होती, "आता तू बी जरा झोप."

*

दुपारी आसाराम रिकाम्या ट्रॉल्या घेऊन दारात आला. कारखान्याच्या आवारात नंबर लागेस्तोवर बसल्या-बसल्या डुलक्या घेऊन त्याचे डोळे पळसाच्या फुलासारखे झाले होते. भाकरीकडं न बघता तो म्हणाला, "कोयता काढ."

"कावून?"

"बाभळी तोडायच्यात."

"आत्ता? जेवा तरी."

"मालकाचा पोरगा बोलला मला. वजनकाट्यावर, सगळ्या डायवरांसमोर. म्हनला, आसाराम, ऊस कारखान्याला आनतोस का वाटंनं पोरायला वाटीत येतोस? समदे हसले की."

शाळा सुटली की पोरं ट्रॉलीमागं पळायची. एकानं लोंबणारं उसाचं टिपरं धरायचं, दुसऱ्यानं त्याला धरायचं, आणि ओढायचं. मोळी ढिली झाली की चार-पाच ऊस खाली. या साली पोरांना गोड असं तेवढंच होतं.

"आपल्याच शाळंची पोरं हायेत," शिवकन्या म्हणाली.

"मंग? उद्या मालकानं हेडावरून उतरिवल्यावर ती पोरं घालनार हायेत का खायाला? समदेच डायवर बांधायलेत काटे. एकदा हाताला लागलं की पुन्हा हात घालीत न्हाईत."

तिनं कोयता काढला. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तिनं तोडल्या, त्यानं ओढून आणल्या. पहिल्या ट्रॉलीला तो बांधू लागला, दुसरीला ती. फाळक्याच्या सळयांत फांदी घालायची, तारेनं दोन वेढे, पिळा, की दुसरी फांदी. कामात ती त्याच्यापेक्षा चपळ होती, टोळीतही कोयत्यामागं तिचाच हात चालायचा. मागची बाजू झाली, मग दोन्ही कुशी. शेवटच्या फांदीला तार पुरली नाही, ती तिनं नुसती सळईत अडकवून दाबली. दाबताना एक काटा तिच्या अंगठ्यात मोडला. तिनं दातानं उपसून पाहिला, तर निम्मा आतच.

तेवढ्यात द्वारका शाळेतून आली. दप्तर पाठीवर तसंच ठेवून तिनं ट्रॉलीला फेरी मारली.

"हे काय, दादा?" बापाला ती दादाच म्हणायची.

"उसाच्या चोरायला औषध."

"पन कुशीला कावून? आमी कुशीनंच चालतो की."

"तू ऊस वढतीस का?"

"न्हाई."

"मंग तुला काय करतेत काटे? काट्याला काय कळंना का, ही आसारामची लेक हाय म्हनून?"

तो हसला, तिची वेणी हलकेच ओढली आणि हेडावर चढला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता. शिवकन्यालाही बरं वाटलं. आतून भिवराबाई म्हणाली, "भाकर तशीच ऱ्हायली गं त्याची." मग शिवकन्या पळत गेली आणि चालत्या ट्रॅक्टरवर फडकं वर फेकलं.

*

त्याच आठवड्यात शेजारच्या चंद्रभागाबाईची गोदी चारीत पडली. मागून ट्रॅक्टर, पुढून टँकर, उतरायला फुरसत मिळाली नाही. पाय मुरगळला. चंद्रभागाबाई अंगानं थोराड, तोंडानं त्याहून. तिनं गल्लीतल्या बाया गोळा केल्या.

"चला. सुंदररावाला म्हनू, पांद उघड. आपल्याला काय त्याची मोसंबी न्हाई मागायची."

शिवकन्याचा पाय उचलेना. नवरा त्याच माणसाच्या हेडावर होता. पण गोदी आणि द्वारका एका बाकावर बसायच्या. ती गेली, सगळ्यांत मागं, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून.

सुंदरराव बंगल्याच्या पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी बायांना बसा म्हटलं. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

"पांद उघडायला मला काय अडचन हाय? पन पाईप कोन फोडतंय ते सांगा. एकीनं तरी सांगा."

 पाईपाच्या पाण्यावर प्रत्येकीनं एक-दोन घागरी भरल्याच होत्या.

"पाईपाची गोष्ट येगळी, आण्णा," चंद्रभागाबाई म्हणाली. "लेकरं मरतीन एखांद्या दिशी डांबरीवर."

"आन् पोरीला सायकली कशाला दिल्यात मंग? माझ्या हातानं दिल्यात. सायकल काय फुफाट्यातून चालती का पांदीच्या? सायकलीला डांबरीच लागती." त्यांनी बशी खाली ठेवली. "पन पोरी पायीच दिसतेत मला. सायकली विहिरीवर दिसतेत. कॅन लावलेल्या. लेकीच्या सायकलीवर तुमी पानी वाहनार, लेकीला पायी धाडनार, आन् पायी गेली की दोष सुंदररावाचा. व्हय का न्हाई?"

बायांच्या माना खाली गेल्या. कुणाच्या कॅनला कुठल्या रंगाचं झाकण, हेसुद्धा त्या माणसाला ठाऊक असेल, असं शिवकन्याला वाटलं.  ती उलटं बोलू शकली असती, की पाणी नळाला असतं तर सायकल विहिरीवर कशाला गेली असती. शब्द अगदी ओठावर होते.

"आसारामची कारभारीन ना तू?" सुंदररावांनी पदराआडचं तोंड ओळखलं. "चांगला मानूस हाय आसाराम. कष्टाळू. त्याला ठाऊक हाय का, तू आलीस म्हनून?"

ओठावरचे शब्द तिनं गिळले.

त्या दिवशी आसाराम जेवता-जेवता ताटावरून उठला. हात उगारला नाही, तसा तो नव्हता. नुसता म्हणाला, "पुन्हा कोपीत जायाचं आसंल तं सांग. उद्याच टोळीच्या मुकादमाला भेटतो. पोरीची शाळा बी सुटंल, डांबरी बी सुटंल. समदंच मिटंल."

भिवराबाईनं ताटातली उरलेली भाकरी टोपल्यात परत ठेवली. "आमी कुठं शाळंत गेलतो? पन गप बसायला शिकलतो."

शिवकन्या गप बसली. अंगठा ठणकत होता. काट्याभोवती पू धरला होता, तिनं तो दाबून काढला, काटा मात्र निघाला नाही.

*

ती विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. दोन्ही कॅन भरलेले, मधे घागर, सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. समोरून गोदी लंगडत पळत आली. 

"काकू... द्वारकी..."

शिवकन्याच्या हातातून सायकल सुटली. घागर फुटल्यासारखी आपटली, कॅनची झाकणं उडाली. आणि त्या क्षणी तिला आधी सांडणाऱ्या पाण्याचंच वाईट वाटलं. मग तसं वाटल्याची शरम. मग ती पळाली. तिच्या मागं बाया आडव्या कॅनमधलं उरलेलं पाणी सावरायला वाकल्या, ते तिला न बघताही कळलं.

ओढ्याच्या पुलाजवळ, जिथं डांबरी चढाला लागते, तिथं द्वारका बसली होती. दोन्ही हात डाव्या डोळ्यावर. बोटांतून रक्त, आणि रक्तापेक्षा पातळ असं काहीतरी. ती रडत नव्हती. नुसती पुढं-मागं झुलत होती. तिच्या ओढणीत बाभळीची डहाळी अडकलेली.

"कोनाचं ट्रॅक्टर व्हतं?" गोळा झालेल्या माणसांतून कुणीतरी विचारलं.

गोदीनं शिवकन्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग ती जे बोलली ते हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आमी समद्या चारीत उतरलो व्हतो. दरयेळी उतरतो तशा. हीच उतरली न्हाई. म्हनली, दादाचं ट्रॅक्टर हाय, थांबा, दादा हाय. आन् वरच उभी ऱ्हाऊन हात करीत व्हती."

हेड गेलं. पहिली ट्रॉली गेली. दुसरी ट्रॉली चढावर झोला खाऊन कडेला आली, आणि कुशीची एक फांदी बाहेर आली होती. एवढंच झालं होतं.

*

सुंदररावांनी लगेच जीप दिली. नाही म्हणायला जागा नव्हती. अंबाजोगाईपर्यंत शिवकन्यानं लेकीचं डोकं मांडीवर धरलं होतं. जीप चालवणारा उत्तरेश्वर सुंदररावांच्याच घरचा गडी. वाटेत मागं न बघता तो बोलत होता.

"वैनी, डाक्टर इचारतीन कसं झालं. शेळीला पाला तोडताना फांदी लागली म्हना."

"कावून?"

"ट्रॅक्टरचं नाव काढलं की पोलीस येतेत. केस व्हती. आन् केस काय मालकावर व्हत न्हाई, वैनी. चालविनाऱ्यावर व्हती. मालक म्हनले, दवाखान्याचं काय आसंल ते बघू, पोरगी आपलीच हाय. पन तोंड सांभाळा म्हनले."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. डोळा उघडून बघताना तिचंही तोंड आकसलं. "कशानं लागलं हो हे?"

शिवकन्यानं अंगठा पदरात लपवला. "शेळीला पाला तोडीत व्हती. फांदी उसळली."

"तुमच्याकडे शेळी आहे?"

"हाय."

शेळी दिवाळीआधीच बाजारात गेली होती. मांडीवरचं डोकं जरासं हललं. द्वारकाचा चांगला डोळा उघडा होता आणि तो आईकडं बघत होता.  शाळेत पाठ केलेलं विसरलं की बाई ज्या नजरेनं बघतात, तशी ती नजर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम आला. खेप रिकामी करून, मिळेल त्या वाहनानं. खाटेवर झोपलेल्या लेकीच्या पट्टीकडं त्यानं एकदाच पाहिलं आणि बाहेर आवारात लिंबाखाली जाऊन बसला. शिवकन्या मागून गेली.

"नजर जानार म्हनतेत," ती म्हणाली. "डाव्या डोळ्याची. बुबुळात फूल पडंल."

तो मातीत काडीनं रेघा ओढत होता.

"डेक चालू व्हता तुमचा," ती म्हणाली. त्याच्यासाठी तिनं वाट करून दिली होती. डेक चालू होता, धूळ होती, डोळ्यांवर झोप होती. यातलं काहीही त्यानं म्हटलं असतं, तर तिनं मानलं असतं.

"दिसली व्हती मला."

ती त्याच्या शेजारी मातीत बसली.

"पुलापासूनच दिसली. हात करीत व्हती. मी हॉरन बी दिला. भरल्या ट्रॉल्या, चढ. तिथं गेर सोडला आसता तं हेड उभं ऱ्हातं, ट्रॉल्या माघारी पळत्यात. मागून दुसरं ट्रॅक्टर. म्हनलं, सरकंल. एवढी शानी पोरगी, सरकंल." त्यानं काडी मोडली. "आरशात बघितलं तं धूळच व्हती. म्हनलं, गेली आसंल घरी."

"ती फांदी मी बांधली व्हती," शिवकन्या म्हणाली. "तार पुरली न्हवती."

 आवारातल्या नळाखाली एक बाई लेकराचे कपडे धूत होती. नळाचं पाणी भदाभदा वाया चाललं होतं. आसाराम उठला, जाऊन त्यानं बाईला विचारलं, "झालं का, माय?" आणि तोटी बंद केली.

"तिला सांगू नको," परत येऊन तो म्हणाला.

"न्हाई सांगत."

*

घरी आल्यावर पहिल्या खेपेला आसाराम रिकाम्या ट्रॉल्या घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा शिवकन्यानं आढ्याचा कोयता काढला आणि एका शब्दानं न विचारता सगळ्या फांद्या तोडून टाकल्या. तारा, डहाळ्या, सगळं. आसाराम हेडावर बसून होता. "मालक बोलतीन," एवढं म्हणाला, पण खाली उतरला नाही, अडवलंही नाही. त्या फांद्या चुलीत घातल्या, तर भिवराबाई चुलीपुढून उठून गेली. पुढच्या खेपेला तो रिकामा परत आला तेव्हा ट्रॉल्यांना नवे काटे होते. कारखान्याच्या आवारातच मालकाच्या माणसांनी बांधले होते. तारा चांगल्या, जाड होत्या.

चंद्रभागाबाई पुन्हा सुंदररावांकडं जायला निघाली. "आता तं खरं सांग गं, शिवकन्ये. तू तोंड उघडलं की पांद उघडंल."

"न्हाई, आक्का."

"कुनाला भेतीस?"

 शिवकन्या सुंदररावांना भीत होती असं म्हणणं सोपं होतं. खरं म्हणजे तिला आसारामच्या हातातल्या बेड्या दिसत होत्या, बेड्यांमागं दाराचं कुलूप, कुलपामागं कोपी, आणि कोपीत एका डोळ्यानं सोजरला सांभाळणारी द्वारका.

गहिनीनाथ सर फाट्यावरच्या शाळेतून मुद्दाम घरी आले. बसायला टाकलेल्या पोत्यावर बसले, पाणी नको म्हणाले. गावातल्या दुष्काळात पाणी नको म्हणणारा पाहुणा म्हणजे देवमाणूस.

"बाई, परीक्षा जवळ आली. हुशार मुलगी आहे. एका डोळ्यानं जग चालत नाही असं नाही."

"जग चालतंय, सर," भिवराबाई म्हणाली. "डांबरीवरून कसं चालायचं ते सांगा."

सरांनी चष्मा पुसला. "मी संस्थेत बोलून पाहतो." मग त्यांनाच आठवलं, संस्थेत कोण बसतं ते. ते आणखी थोडा वेळ चष्मा पुसत राहिले.

सायकल मात्र आता पुरती पाण्याची झाली. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, सायकल चालवू देऊ नका, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. द्वारका घागर भरून द्यायची, आणि कधीकधी काठापर्यंत न भरता बाहेरच ओतायची. पाणी मातीत जिरताना ती बघत राहायची. शिवकन्या तिला रागवायची नाही. पाण्यासाठी पहिल्यांदाच ती कुणाला रागवत नव्हती.

शेवटी तिनंच ठरवलं. दुष्काळात निघालेल्या रोजगार हमीच्या कामावर उशिरा गेलं की तिथला मुकादम अर्धाच दिवस धरायचा, धरू दे. सकाळी पोरींना फाट्यावर पोचवायचं आणि सांजच्याला आणायचं. एक दिवस ती, एक दिवस चंद्रभागाबाई. हळूहळू आणखी बाया मिळाल्या. पोरं-पोरी एका रांगेत चारीच्या अंगाला, बाई डांबराच्या अंगाला. चंद्रभागाबाईनं आपलं लाल झंपर वेताच्या काठीला बांधलं होतं. ट्रॅक्टर दिसला की ती काठी उभी करून रस्त्यात अशी उभी राहायची, की भल्याभल्यांचा पाय ब्रेकवर जायचा. डायवर शिव्या देत. "काय मावशे, शेरडं राखायला निघालीस का?" म्हणत.

"व्हय रे, तुझ्यासारख्या लांडग्यापसून," ती म्हणे, आणि पोरं हसत.

पांद तशीच बंद होती. येता-जाता तारेपलीकडची मोसंबी दिसायची, खाली गर्द सावली, पाईपाच्या जोडातून ठिबकणारं पाणी आणि त्यावर बसलेली पाखरं.

द्वारका पहिल्या दिवशी निघाली तेव्हा उंबऱ्यावरच अडखळली. डाव्या अंगाचं तिला दिसत नव्हतं. पट्टी निघाली होती, बुबुळावर पांढरं फूल. वर्गातली पोरं काय म्हणतील हे तिनं विचारलं नाही आणि शिवकन्यानंही काढलं नाही. सोजरनं तिची ओढणी धरली आणि वेशीपर्यंत सोबत आली. शिवकन्या मुद्दाम लेकीच्या डाव्या हाताला झाली. तिनं तो हात आपल्या हातात घेतला.

ओढ्याचा पूल ओलांडला. चढावर मागून लांबून ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. डेक नव्हता, नुसतं इंजिन. शिवकन्यानं आवाजावरूनच ओळखलं, आणि तिच्या हातातल्या हातानंही ओळखलं असणार, कारण तो एकदम आवळला. शिवकन्याला काही म्हणावं लागलं नाही. सगळ्या पोरींच्या आधी द्वारका चारीत उतरली. झुडपांत, कमरेपर्यंत, रस्त्याकडं पाठ करून. शिवकन्याही तिच्यामागं उतरली.

आसारामनं पार पुलापासून वेग कमी केला होता. हेड जवळजवळ चालत्या माणसाच्या चालीनं पुढं सरकलं. त्यानं हॉर्न वाजवला नाही. एक हात स्टेअरिंगवरून थोडासा उचलला, मग परत ठेवला. पहिली ट्रॉली गेली. दुसरी गेली. काटे दोघींच्या बरेच वरून गेले. त्याच्या मागं खोळंबलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं कर्णा लावला.

धूळ खाली बसली. पोरी वर चढल्या. चंद्रभागाबाईची गोदी पुढं होऊन रांग लावू लागली. शिवकन्यानं लेकीला हात दिला, तिच्या सलवारीला चिकटलेले काटे एक-एक करून काढले आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. चांगला डोळा आधी, मग दुसरा.

द्वारका तशीच उभी राहिली. चढ ओलांडून गेलेल्या ट्रॅक्टरच्या दिशेनं तिनं पूर्ण मान वळवली, आता तिला तशी वळवावीच लागायची.

"माय," ती म्हणाली, "त्या दिशी दादाला मी दिसले व्हते का गं?"